आधी पाणी

मी काढलेल्या पहिल्या नकाशात एक नदी होती. डोंगरातून निघून ती मैदानात उतरायची आणि तिथं तिला दोन फाटे फुटायचे. एक फाटा उगवतीच्या समुद्राला जायचा, दुसरा मावळतीच्या. फाट्यांच्या बेचक्यात राजधानी होती. दोन आठवडे रोज रात्री बसून मी तो नकाशा पुरा केला होता. डोंगरांच्या एका अंगाला बारीक रेघांची सावली दिली होती, तटबंदीचा एकेक बुरूज टाकाने काढला होता. मला तो मनापासून आवडला होता, म्हणूनच तो घेऊन मी मामांकडे गेले.

मामांनी कागद खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिले. मग नदी जिथं फुटत होती तिथं बोट ठेवून म्हणाले, "इथं उतार कुठल्या अंगाला आहे?"

मी गप्प झाले. उताराचा विचार मी केलाच नव्हता.

"पाणी दोन्हीकडं चाललंय, म्हणजे दोन्हीकडं उतार. मग मधे उंचवटा पाहिजे. आणि मधे उंचवटा असेल तर पाणी मुळात इथवर आलं कसं?" कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "पोरी, आधी पाणी काढ. बाकीचं त्याच्या मागनं येतं."

मामा भूकरमापक होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी शेतांच्या मोजण्या करण्यात घालवली. तेहतीस फुटांची शंकू साखळी, प्लेन टेबल, बांधावरचे दगड, टिपणं, गटाचे नकाशे हा त्यांचा संसार. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे मी लहानपणी पाढ्यांसारखं त्यांच्याकडून ऐकलेलं. पण त्यांच्या कामाचा माझ्या कामाशी संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी पुस्तकांसाठी चित्रं काढते. दिवाळी अंकांत कथांची रेखाटनं, मुलांच्या पुस्तकांत प्राणी, झाडं, माणसं. नकाशाचं काम आलं ते एका मैत्रिणीमुळे. शाळेत शिकवता शिकवता तिनं दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिली होती. तीन भावंडं एका कल्पित देशात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात, अशी ती गोष्ट. "पहिल्या दोन पानांवर अख्खा देश पाहिजे गं," ती म्हणाली होती. "मुलांनी गोष्ट वाचता वाचता सारखं मागं येऊन बघायला पाहिजे, आपण कुठवर आलो ते."

मी होकार दिला, कारण असे नकाशे मला लहानपणापासून ओढून घ्यायचे. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला नकाशा मी कॉलेजात असताना कितीदा तरी निरखला होता. पहिला खंड १९५४ साली आला, तेव्हा त्यातला मोठा नकाशा टॉल्किनच्या मुलानं, ख्रिस्तोफरनं, वडिलांच्या कच्च्या नकाशांवरून रेखला होता. आपण आधी नकाशा केला आणि मग गोष्ट त्यात बसवली, असं टॉल्किननं एका पत्रात सांगून ठेवलं आहे. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोळ्यांनी त्या नकाशातून उचललं होतं ते वरवरचं: टोकदार शिखरांची रांग आणि वळणदार अक्षरं. त्या रेघांमागचा हिशेब मी बघितलाच नव्हता.

*

पुढच्या रविवारी मामांनी मला शाडूची माती आणायला सांगितली. स्वयंपाकघरातल्या मोठ्या परातीत आम्ही एक डोंगर केला. एका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला लांब सोंड, मधे एक घळ. मग मामांनी परातीत बोटभर पाणी ओतलं आणि माझ्या हातात काडी दिली. "पाणी जिथं मातीला टेकतंय तिथं सगळीकडनं रेघ मार." मी मारली. आणखी बोटभर पाणी, आणखी एक रेघ. पाचव्या रेघेला डोंगराचं नुसतं माथ्याचं बेट उरलं. मग त्यांनी पाणी काढून टाकलं. मी वरून बघितलं, तर डोंगरावर समोच्चरेषा उमटल्या होत्या. कड्याकडे त्या एकमेकींना चिकटून होत्या, सोंडेवर लांब लांब पसरल्या होत्या आणि घळीत प्रत्येक रेघ आत, वरच्या अंगाला शिरून परत बाहेर आली होती.

मामांनी सर्व्हे ऑफ इंडियाचं एक टोपोशीट शेजारी पसरलं. पन्नास हजाराला एक असं त्याचं प्रमाण, दर वीस मीटर उंचीला एक रेषा. शाळेत या तपकिरी रेषांचा मी कंटाळा केला होता. आता परात समोर होती आणि कागद आपोआप फुगून वर आला. कुठं दरी आहे, कुठं धार आहे, कुठून पाणी खाली येईल हे दिसायला लागलं. तो कागद चित्रासारखा दिसू लागला हे तर झालंच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की त्यातली प्रत्येक रेघ पाण्याला विचारून काढलेली होती.

त्यानंतर मी माझे नियम वहीत लिहून काढले. पाणी उताराला जातं. नद्या एकमेकींना मिळतात, वाटेत फुटत नाहीत. फुटतात त्या समुद्राजवळ, जिथं उतार संपतो आणि गाळ साचतो. गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली गौतमी आणि वसिष्ठा होते ती तशीच. तळ्यात कितीही ओढे आले तरी बाहेर जायला साधारणपणे एकच वाट असते, जी सगळ्यांत खाली असेल ती. दोन नद्यांच्या मधे कुठंतरी धार असतेच. हे नियम कुठल्याही कल्पित देशाला लागू आहेत. त्या देशात पक्षी बोलत असतील, झाडं चालत असतील. पण पाणी जर तिथंही पाण्यासारखंच वागत असेल, तरच वाचणारं मूल बोलक्या पक्ष्यावर विश्वास ठेवतं. अद्भुताला जमीन खरी लागते.

*

नियम कळले तरी हात चालेना. मग मी महाबळेश्वरला जाऊन आले. पर्यटक म्हणून चारदा गेले होते; या वेळी पाणी बघायला गेले.

कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या त्या एका डोंगरमाथ्यावरच्या मानतात. आर्थर सीटवर उभं राहिलं की खाली सावित्रीचं खोरं तुटून पडलेलं दिसतं. ती नदी पश्चिमेला उतरते आणि थोडक्या प्रवासात बाणकोटशी अरबी समुद्राला मिळते. माथ्याच्या दुसऱ्या अंगाला केट्स पॉइंटवरून कृष्णेचं खोरं दिसतं, तिला मात्र पूर्वेला चौदाशे किलोमीटर जायचं असतं, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असून पाणी त्याच्याकडे पाठ फिरवतं, कारण मधली धार तशी आहे. कोयनेची वाट तर आणखी निराळी. ती डोंगररांगेला धरून दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ काटकोनात वळते आणि कऱ्हाडला येऊन कृष्णेला भेटते. एका माथ्यावर निघालेल्या दोघी इतका वळसा घालून प्रीतिसंगमावर एकत्र येतात. कल्पनेनं मला असली नदी सुचली नसती. सुचली असती तरी कुणाला पटणार नाही म्हणून मी ती खोडली असती.

परतताना बसच्या खिडकीतून मी घरांची छपरं मोजत आले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत साधारण पंचवीस किलोमीटरवरच्या वाईला हजारसुद्धा भरत नाही. ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछाया सुरू होते. या एका कारणातून केवढं काय निघतं! कोकणात आणि माथ्यावर भात, देशावर ज्वारी-बाजरी. तिकडं उतरती कौलारू घरं, इकडं पावसाची भीती नसलेल्या पट्ट्यात धाब्याची सपाट घरं. तिकडं वाड्या झाडीत विखुरलेल्या, इकडं गावं विहिरीभोवती आणि नदीकाठी घट्ट बसलेली.

घरी आल्यावर मी मैत्रिणीच्या देशाला वारा दिला. कागदाच्या डाव्या अंगाला समुद्र होता, तिकडून वारा येईल असं ठरवलं. डोंगररांग उभी होतीच. म्हणजे डावीकडे रान दाट आणि उजवीकडे माळ उघडा. गावाची खूण म्हणून आधी मी सगळीकडे एकच चिमुकलं घर काढत होते. आता डोंगराच्या अलीकडे उतरत्या छपराचं घर काढलं, पलीकडे सपाट धाब्याचं. पुस्तकात याबद्दल एक शब्दही नाही. पण नकाशा बघून एका मुलीनं मैत्रिणीला विचारलं, "बाई, इकडच्या लोकांकडे पाऊस कमी पडतो का?" हे मैत्रिणीनं फोन करून मला सांगितलं, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

*

डोंगर काढायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. इंग्रजी पुस्तकांतल्या नकाशांवरून माझ्या हाताला त्रिकोणी, टोकदार, बर्फाच्या डोक्याचे डोंगर बसले होते. सह्याद्री तसा नाहीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून हे डोंगर कोरले गेले, म्हणून ते पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. माथा सपाट, मग उभा कातळकडा, त्याखाली झाडीचा पदर, पुन्हा कडा. हे मी रोज पुण्यातून बघत होते आणि कागदावर मात्र परक्या मुलखातला डोंगर काढत होते.

मला सोडवलं ते शब्दांनी. डोंगर हिंडणारी माणसं बोलताना कान देऊन ऐकलं आणि वहीत यादी केली: धार, सोंड, पदर, कडा, सुळका, खिंड, नाळ, घळ, माची, पठार, माळ, सडा. प्रत्येक शब्दाचा आकार वेगळा. सोंड म्हणजे माथ्यापासून हळूहळू खाली उतरत जाणारी डोंगराची लांब बाजू, तिच्यावरून वाट जाते. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली उभी, दगडांनी भरलेली फट. तिच्यातून माणूस उतरतो, पण गुरं उतरत नाहीत. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्याचं उघडं पठार. मी एकेका शब्दाला एकेक खूण केली. सोंडेला तिरप्या लांबत जाणाऱ्या रेघा, कड्याला उभ्या जवळजवळच्या, सड्याला नुसते ठिपके. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून पडतोय असं धरून सगळ्या सावल्या उजवीकडे ठेवल्या. हा नकाशा काढणाऱ्यांचा जुना रिवाज आहे. उजेड खालून पडला तर डोळा फसतो आणि डोंगराच्या जागी खड्डा दिसायला लागतो.

त्या खुणांनी काढलेला पहिला डोंगर मामांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला नाही. नुसतं बघून म्हणाले, "हां, इथनं वाट आहे." मी वाट काढलेली नव्हती. पण सोंड आणि खिंड जागेवर होत्या, म्हणून त्यांना ती दिसली.

*

यानंतरचं काम अंतरांचं. त्यासाठी मी कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. चौदाव्या शतकात महानुभावांनी 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथ रचला. चक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले त्या जागांची त्यात नोंद आहे. देऊळ कुठल्या दिशेला, त्याचं दार कुठं, कुठल्या गावात काय, असा शब्दांत काढलेला नकाशाच तो. त्या धाटणीवर मी या कादंबरीचीही पोथी केली. कोण कुठून निघालं, कुठल्या हाताला काय दिसलं, किती दिवस लागले, कुठं मुक्काम पडला, हे प्रकरणवार लिहून काढलं. मग कागदावर ते मांडायला घेतलं आणि सातव्या प्रकरणाशी अडले. तिथं मुलं संध्याकाळी घाटातून निघतात आणि पहाटे बंदरात पोचतात. माझ्या कागदावर ते अंतर चार मजलांचं भरत होतं.

मैल-किलोमीटर सोडून मजलांत मोजायचं हे मी आधीच ठरवलं होतं. मजल म्हणजे दिवसाची चाल, आणि त्या देशातली माणसं चालतच होती. एक मजल म्हणजे नक्की किती, हे अंगाला कळावं म्हणून त्या वर्षी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर मी पुणे ते सासवड चालले. तीस किलोमीटरच्या आसपासची ती वाट, वारीतल्या मोठ्या टप्प्यांपैकी एक, आणि मधे दिवे घाट. सकाळी निघाले, अंधार पडताना पोचले. घाटाच्या चढावर माझ्या पुढं एक आजी तुळस डोक्यावर घेऊन चालत होत्या. त्यांचं पाऊल सपाटीला जेवढं पडत होतं तेवढंच चढाला पडत होतं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणि वारीला अडीच-तीन आठवडे लागतात. माणसांचा मोठा मेळा सामानसुमानासह चालला, थांबत, जेवत, निजत गेला तर देश किती मोठा होतो, ते त्या दिवशी पायांनी मला सांगितलं.

तर या चार मजला एका रात्रीत कशा पार करायच्या? मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "बंदर जवळ आण ना." मी कागद घेऊन तिच्याकडे गेले आणि आम्ही दोघी त्यावर वाकून बसलो. बंदर जवळ आणलं तर खाडी आखूड होत होती, आणि खाडी आखूड झाली की बंदराला तिथं असण्याचं कारणच उरत नव्हतं. मी तिला चिपळूणचं उदाहरण दिलं. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, खाडीतून होड्या जिथवर वर येत तिथं चिपळूण, तिथून कुंभार्ली घाटानं वर पाटण आणि पुढं कऱ्हाड. ही गावं तिथं वसली, कारण तिथं माल उतरवायचा, बैलांवर लादायचा किंवा रात्रीचा मुक्काम करायचा. नाणेघाटाचंही तसंच. खाली कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, वर जुन्नर, आणि मधल्या खिंडीत सातवाहनांनी कोरलेलं लेणं आणि शिलालेख. गाव असतं त्याला कारण असतं: उतार, संगम, घाटाचा पायथा, आठवड्याचा बाजार. कारण हललं की गावाचा पाय सुटतो.

मैत्रीण बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. मग तिनं घाटाच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत नदीवरून बोट फिरवलं. "पावसाळ्याचे दिवस आहेत," ती म्हणाली. "नदी भरलेली असेल. मुलं होडीतून गेली तर?" सातवं प्रकरण तिनं नव्यानं लिहिलं. रात्रभराचा तो होडीचा प्रवास, दोन्ही काठांवरचे काजवे आणि उजाडताना पाण्याला आलेली खारट चव, हे सगळं आता पुस्तकातलं मुलांचं आवडतं प्रकरण आहे. ते नकाशातून आलं.

असं घडू शकतं हे मी वाचलं होतं. स्टीव्हन्सननं १८८१ सालच्या उन्हाळ्यात सावत्र मुलाबरोबर खेळताना एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या कागदाकडे बघता बघता त्याला 'ट्रेझर आयलंड'मधली माणसं दिसू लागली. पुस्तक छापायला गेलं तेव्हा मूळ नकाशा हरवला. मग त्याला स्वतःचंच पुस्तक तपासून, त्यातलं प्रत्येक अंतर मापून नकाशा पुन्हा करावा लागला. दुसरा नकाशा आपल्याला कधीच आपला वाटला नाही, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. वाचलं तेव्हा मला ती एक गमतीची हकिकत वाटली होती. सातव्या प्रकरणानंतर मला त्याचं दुःख कळलं.

*

नावं घालायची वेळ आली. मैत्रिणीच्या हस्तलिखितात शहरांना भारदस्त संस्कृत नावं होती आणि ती सगळी एकाच तोंडातून आल्यासारखी वाटत होती. खऱ्या मुलखात नावं हजार तोंडांतून येतात. वडाखाली वसलं ते वडगाव, उंबरापाशी ते उंबरे. गाव वाढून दोन झाली तर थोरलं बुद्रुक आणि धाकटं खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आले आणि आपल्या मातीत इतके मुरले की आता कुणाला परके वाटत नाहीत. एका नावात झाड, राजवट आणि वाटणी सगळं असतं. आम्ही दोघींनी तीन दुपारी बसून नावं पाडली. सावळी नदी, काजळकडा, उंबरपाणी, धारखेड बुद्रुक आणि धारखेड खुर्द. राजधानीचं संस्कृत नाव तेवढं ठेवलं, कारण राजे लोक अशी नावं देतात. तिच्या वेशीबाहेरच्या वस्तीला मात्र लोकांनी दिलेलं साधं नाव दिलं.

ती नावं कागदावर लिहिणं हे वेगळंच शिक्षण निघालं. रोमन लिपीत डोंगररांगेचं नाव लिहिताना अक्षरं लांब लांब ठेवून ते रांगभर ताणता येतं. देवनागरीत अक्षरं लांबवली की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार; नदीची रेघ जवळून गेली की उकार तिच्यात बुडतो. आठ-दहा कागद खराब झाले. मग मोडी आठवली. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरं लटकवत जात. मी तेच केलं. नदीच्या वळणाला समांतर, थोडी वर, पेन्सिलीनं एक वाकडी शिरोरेखा ओढली, ती 'सावळी'ची, आणि तिला अक्षरं टांगली. उकारांसाठी खाली जागा सोडली. अक्षरं जवळजवळच ठेवली, मात्र मोठ्या नदीचं नाव वाटेत तीनदा लिहिलं. नाव पाण्याबरोबर वाहायला लागलं.

छपाईच्या आधी एक चूक वेळेवर सापडली. नकाशा दोन समोरासमोरच्या पानांवर होता आणि धारखेड नेमकं बांधणीच्या खाचेत जात होतं. मी कोऱ्या पानांचं नमुन्याचं पुस्तक शिवून बघितलं म्हणून दिसलं. गाव हलवता येत नव्हतं, म्हणून अख्खा देशच दोन बोटं डावीकडे सरकवला. तेव्हापासून कुठलंही काम सुरू करायच्या आधी मी पुस्तक शिवून बघते.

पुस्तक आलं. मैत्रिणीच्या वर्गात मी गेले होते. मुलांनी पुस्तक उघडलं आणि काही न सांगता त्यांची बोटं नकाशावर चालायला लागली. एक मुलगा घाटातून उतरून नदीकाठानं खाडीकडे निघाला होता. डोंगर आडवा आला तिथं त्याचं बोट थांबलं, खिंड शोधून पलीकडे गेलं. डोंगरावरून सरळ बोट नेलं असतं तरी त्याला कोण अडवणार होतं? पण तो वाटेनं गेला.

*

पुस्तकाची पहिली प्रत मी मामांना दिली. त्यांनी नकाशा आधी पाण्यानं वाचला, डोंगरापासून समुद्रापर्यंत. मग उरलेला ट्रेसिंग पेपर आहे का, म्हणून विचारलं.

मामांचं आणि माझ्या आईचं जन्मगाव कोयनेच्या खोऱ्यात होतं. १९६०च्या सुमाराला धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा मामा बारा-तेरा वर्षांचे होते. आज तिथं शिवसागर आहे, एकशेपाच टीएमसीचा. खोऱ्यातली माणसं दूरदूरच्या जिल्ह्यांत उठून गेली. आमच्या घरात 'जुनं गाव' एवढे दोन शब्द अधूनमधून यायचे. त्यापुढं कुणी काही बोलायचं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

मामांनी पेन्सिल घेतली. आधी ओढा काढला. तो वरच्या रानातून निघून नदीला कुठं मिळायचा ते काढलं. मग नदी, तिच्यातला उतार, पाणवठा. मग भैरोबाचं देऊळ, वरली आळी, खालची आळी, खळी, नदीकाठची भातखाचरं, वरच्या अंगाला नाचणीची उतरती रानं. हात कुठं थांबला नाही. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत किती पावलं तेही त्यांनी बारीक आकड्यांत लिहिलं. उत्तर दाखवायला बाण काढला नाही. वर डोंगर होता, खाली नदी होती, तेवढं पुरे होतं.

शेवटी त्यांनी एक रेघ ओढली. ती वरच्या अंगानं डोंगराच्या कडेकडेनं गेली, प्रत्येक घळीत आत शिरून बाहेर आली, सोंडेला वळसा घालून पुढं गेली. परातीतली रेघ होती ती. सगळं गाव तिच्या खालच्या अंगाला होतं.

"इथवर पाणी आलं," मामा म्हणाले. "शाईत काढशील?"

मी म्हटलं काढते. मग थोडं थांबून विचारलं, ती शेवटची रेघ ठेवू का नको.

"काढ की," ते म्हणाले. "पाणी टाळून नकाशा होत नाही."

मी तो शाईत काढायला चार दिवस घेतले. ओढ्यापासून सुरुवात केली. ओढ्याला काही नाव होतं का, म्हणून मामांना विचारलं, तर त्याला नुसतं 'व्हळ' म्हणायचे. ते तसंच, ओढ्याच्या वळणानं शिरोरेखा ओढून लिहिलं. कागद आईपुढं ठेवला. आईनं चष्मा शोधला, लावला, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "चिंच देवळाच्या अल्याड होती, पल्याड नाही." मामा म्हणाले, पल्याडच होती. दोघं बराच वेळ चिंचेवरून भांडत होते. बोलता बोलता आईचं बोट खालच्या आळीतल्या एका घरातून निघालं, खळ्याला वळसा घालून, चिंच होती तिथं जरा थांबून, पाणवठ्यावर गेलं, आणि त्याच वाटेनं घरी परत आलं.